पळालेल्या फौजेची उखळी

१५ मार्च १९९४, मंगळवार

चुलीवरची आमटी सांडली, भितीला वरपस्तोर चीर गेली, गाभण शेळी आडवी पडली — आन सिद्धू मुकादम सांगतो, "आजी, काय न्हाय, हवेची टाकी फुटली!" हवेची टाकी! तुझ्या बापानं बगितली व्हती का? टाकीचा आवाज येगळा आन ह्यो येगळा. ह्यो आधी पायात आला, मग कानात.

आबासाहेबाची लोखंड वितळायची भट्टी आमच्या वस्तीपासनं दोन शेतं सोडून. माझा नातू मल्हार तितं भंगार कापतो. म्हणून पळाले. अनवाणी. गेटवर सिद्धू हात आडवा लावून उभा. त्याच्या हाताखालनं वाकून आत गेले.

मल्हार जिता व्हता. म्हस्कू न्हवता. सुप्याचा म्हस्कू, भट्टीत माल टाकायचा. त्याचं एक पायताण भट्टीपाशी, दुसरं वर पत्र्यावर. मधला माणूस गोळा कसा करायचा ते कुणाला उमगत न्हवतं. शेवटी खताच्या पोत्यात भरला. पोत्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र.

मल्हारच्या कानातनं रगात येत व्हतं. मी काय बोलते ते त्याला ऐकू येत न्हवतं. तरी शिव्या दिल्या.

१६ मार्च

मल्हारला आज ऐकू आलं. म्हणतो, "आज्जी, तिकडं आखातात लढाई झाली न्हवं का तीन वर्सामागं? त्यातलं भंगार हाय. फौज पळाली, सगळं वाळूत टाकून. रणगाडं, ट्रका, तोफंचं गोळं. जहाजात भरून मुंबईला, तितनं ट्रकनं हितं."

"मग गोळं बगून टाकाया काय व्हतंय रं?"

"बगायला येळ कुणाला? सिद्धू म्हणतो मोकळंच असत्यात. टाका."

फौज पळाली! हासले मी. हासायचं न्हवतं, तरी हासले. आमी मेंढरं घिऊन कोकणापस्तोर जायचो. तळ हालला की सासू चुलीचं तिन्ही दगड पालथं घालायची आन वर पाणी वतायची. मागं इस्तू ठिवायचा न्हाय. मागनं दुसऱ्याची मेंढरं येत्यात, दुसऱ्याची पोरं येत्यात. अंगठाछाप बाई ती, पर तिला कळत व्हतं. एवढ्या मोठ्या फौजेला कुणी सासू न्हवती.

१९ मार्च

आबासाहेबानं म्हस्कूच्या बायकोला गव्हाचं पोतं आन लुगडं दिलं. आन लिहून घेतलं की नवरा दारू पिऊन भट्टीत पडला.

म्हस्कू माळकरी! गळ्यातली माळ सापडली न्हाय म्हणून ती बाई आजून राखंत बोटं घालती.

३ एप्रिल, रविवार

बिरोबाच्या देवळात जत्रंची बैठक. पुनवंला जत्रा.

बार उडवायचा मान आमच्या घराचा. सासरा, मग नवरा, आता माझा तात्याबा. उखळीत दारू ठासायची, वर विटंची भुकटी, आन बुडाच्या भोकाला बत्ती. पहिला बार झाल्याबिगर देव भाईर येत न्हाय. पालखीला कुणी हात लावत न्हाय. बार म्हंजी देवाला हाक. हाक मारली की देवाला बी घरात बसायची सोय न्हाय.

आमची जुनी उखळी ठासून ठासून गेल्या साली उभी चिरली. आज आबासाहेब उठला. "आवंदा माझ्याकडनं. भंगारात दोन नळ्या घावल्यात, बुड बंद, भिती अशा जाड! नातवंडं म्हातारी व्हतील, उखळी हालायची न्हाय."

मल्हार म्हणला, "आबासाहेब, त्या तोफंच्या गोळ्याच्या खोळी हायत्या. म्हस्कू आत्ताच—"

"मल्हारराव, लई शिकला तुमी! दारू उडून गेली, ऱ्हायलं काय? भांडं! भांड्याला भ्यायचं व्हय?"

सगळी बैठक हासली. तात्याबा पोरावरच वरडला, "गप रं! देवाच्या कामात आडवा जाऊ नगं."

मला ऱ्हावलं न्हाय. म्हणलं, "आबासाहेब, देताय ते नाव घालून द्या. न्हायतर देवाला कळायचं कसं कुणी दिलं?"

ह्यानं देवळाला पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर नाव. वारा बी त्याचाच लागतो. मी टोमणा मारला, त्याला मान वाटला. "घालणारच की साखरआत्या! खोदून घालतो."

९ एप्रिल, शनिवार

उखळ्या आल्या. हिरवा रंग खरवडलेला, वर ठळक खोदलेलं — श्री बिरोबा देवास आबासाहेब यांजकडून सप्रेम भेट. दोन्हीवर. दोन येळा वाचलं. पहिल्या येळेला 'यांजकडून' अडलं.

आत बगितलं तर पिवळं, मेणावानी थापलेलं. तात्याबा म्हणतो ग्रीस असंल, गंजू नये म्हणून. असंल! देवाची वस्तू आन आत घाण? मी घासल्याबिगर देत न्हाय. एक मांडीत धरली. खुरप्यानं खरवडली, राख घातली, काथ्यानं बुडापस्तोर घासली. निम्मा दीस गेला. आत हात फिरवला तर ताटावानी गुळगुळीत. खरवड उकिरड्यात टाकली.

दुसरी घ्याया उठले तर तात्याबा दोन्ही घिऊन निघालेला. वडगावच्या लोहाराकडं, भोक पाडाया. "ठिव की, घासते," म्हणलं. "ऱ्हाऊ दे गं आये. बत्ती लागली की आतलं आपसूक जळतंय."

१० एप्रिल

हात पिवळं. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं — जात न्हाय. तात्याबाची बायको म्हाळसा म्हणती, "आत्याबाई, देवाचा भंडारा लागला तुमच्या हाताला!"

भंडारा असा कडू लागत न्हाय. डोकं ठणकतंय, भाकरी गिळवत न्हाय.

१३ एप्रिल

उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्या मेल्या. सगळ्या. चोचीपाशी पिवळं.

तात्याबाला दावलं. म्हणतो रोग हाय, पणदऱ्यात बी मरत्यात. म्हणलं, त्ये काय बी असू दे, दुसरी उखळी आण, मी घासते. तर म्हणतो, "आये, ती देवळात ठिवली. हार घातला, भंडारा लावला. आता बायामाणसाचा हात चालत न्हाय."

मी घासलेली चालती. हार घातला की चालत न्हाय!

२५ एप्रिल, सोमवार

आज जत्रा. तात्याबानं गुलाबी फेटा बांधलाय, नवरदेवावानी. "आये, बघ कसा दिसतो?" म्हणलं, "बैलावानी." ढोल सुरू झालं. जाते.

२७ एप्रिल

काल पेन धरला आन ठिवला.

तात्याबा गेला. माझा ल्योक.

पहिली उखळी मी घासलेली. तात्याबानं बत्ती लावली, बार असा झाला की देवळावरची पारवी उडाली. समदी वरडली — बिरोबाच्या नावानं चांगभलं! तात्याबा माझ्याकडं बगून हासला. मग दुसरी. मल्हार तितंच बाजूला, भुकटीची पाटी धरून. बापाला म्हणत व्हता, "तात्या, लांबनं लावा. तात्या, लांबनं." तात्याबा म्हणला, "तुझ्या आज्ज्यानं कधी लांबनं लावली व्हती व्हय रं?"

तेवढंच बोलला.

बार वर जातो. ह्यो वर गेला न्हाय. ह्यो आडवा आला. मी खाली पडले, उठले तर ऐकू कायच येत न्हाय. समद्यांची तोंडं उघडी आन आवाज न्हाय. ढोल फाटलेला. ढोलवाला ढोलाकडं बगत व्हता, स्वताच्या पोटाकडं बगत न्हवता. त्याचं आतडं ढोलाच्या दोरीवर लोंबत व्हतं. तोबी गेला सांजच्याला.

फेटा लिंबावर. उलगडून आख्खा. तात्याबाचं डोकं आन खांदा ऱ्हायला व्हता. खालचं न्हवतं. तोंडावर काय बी लागलं न्हवतं, डोळं उघडं, मगाचं हासू तसंच. मी पदरानं पुसलं. पाय देवळाच्या मागं घावला. कुत्री आली, तवा मी उखळीच फेकून मारली त्यास्नी. ती माझी घासलेली. मग तीच उचलली, पदरात गुंडाळली आन घरी आणली. का आणली? हातात व्हती म्हणून.

मल्हारच्या उजव्या हाताचा अंगठा आन त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. मांडीत लोखंड घुसलं.

देव भाईर आला न्हाय. पालखी तितंच.

म्हाळसा भितीवर डोकं आपटती. तिच्या मागं उशी धरून बसते. दुसरं काय करता येतंय?

३० एप्रिल, शनिवार

बारामतीला दवाखान्यात. डाक्टर पोरगेला हाय पर बरा. तात्याबाच्या खांद्यातनं त्यानं एक तुकडा काढला व्हता, तो धुऊन बशीत ठिवलेला. मला म्हणला, "आजी, वाचता येतं?" वाचला.

'सप्रेम'. एवढंच.

तितंच फौजदार उभा व्हता. त्यानं तुकडा रुमालात गुंडाळला आन खिशात घातला. म्हणलं, "सायेब, ह्यो कागदावर लिवला का?" म्हणला, "म्हातारे, तू बाजूला हो."

आबासाहेबाचा जबाब असा — मी देवाला काय बी दिलं न्हाय. भंगारातला माल मल्हारनं चोरला. बापाला मल्हारनंच मारला.

समदी बैठकीला व्हती. समद्यांनी नाव वाचलं व्हतं, वर हार घातला व्हता! आज इचारलं तर एक म्हणतो मी लांब बसलो व्हतो, एक म्हणतो माझा चष्मा न्हवता. समद्यांची पोरं भट्टीत कामाला. ढोलवाल्याचा भाऊ बी खाली बगतो. त्याला तर मी थुकलेच.

४ मे

सिद्धू आला. दोन गडी संगं. "साखरआजी, ऱ्हायलेली उखळी तुमच्या घरात हाय. ती द्या. लोकांच्या जिवाला धोका हाय."

"म्हस्कू मेला तवा न्हवता व्हय धोका?"

"आजी, नीट ऐका. ती दिली तर मल्हारचं कलम हलकं करू."

गडी आत शिरलं. कणगी उलथली, बाजरी घरभर. म्हाळसाला ढकलली, तिचा दात पडला. स्वप्नाली — मल्हारची धाकटी भैन — वरडत मधी गेली तर तिचा हात पिरगाळला. मी चुलीपाशीच व्हते. फावडीभर फुफाटा उचलला आन सिद्धूच्या तोंडावर मारला. फुफाट्यात निखारं बी व्हतं. गुरावानी वरडला! गडी त्याला धरून पळालं.

डोळा जाईल म्हणत्यात. जाऊ दे. म्हस्कूला टाका म्हणताना दोन व्हतं, तवा काय बगितलं त्यानं?

उखळी खुराड्यात हाय. कोंबड्या मेल्या, आता खुराड्यात कोण बगतंय.

६ मे, शुक्रवार

मल्हारला दवाखान्यातनं उचलला. टाकं बी काढलं न्हवतं.

चौकीवर गेले डबा घिऊन. आत सोडलं न्हाय. खिडकीखाली बसले. आत इचारत व्हतं, "चोरली का न्हाय?" आन मग आवाज. तो आवाज कशाचा ते मला कळलं — टाकं घातलेल्या हातावर काठी. एकदा न्हाय. मल्हार आधी आईला हाका मारत व्हता, मग तात्याला, मग कुणालाच न्हाय.

सही करता येईना त्याला. फौजदार म्हणला, अंगठा घ्या. शिपाई म्हणला, सायेब, अंगठाच न्हाय. मग आत हासली कुणीतरी. डाव्या हाताचा घेतला.

सोमवारी कोर्टात उभा करणार. एकदा का तितं त्यो कागद वाचला, पोरगं जलमभर आत. आन भाईर सगळी म्हणणार, बापाला खाल्ला.

डबा तसाच परत आणला. वाटंत कुत्र्याला घातला.

८ मे, रविवार

आबासाहेब गावात न्हाय. इंदापूरला मेव्हण्याच्या बंगल्यावर जाऊन बसलाय. तितं मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाची सुपारी हाय उद्या, सगळं सोयरंधायरं, पुढारी, पेपरवालं जमणार. हिकडं सुतक आन तिकडं सुपारी!

स्वप्नालीनंच मला अक्षर शिकवलं, ही वही ती वाचती, म्हणून तिला सांगावं लागलं. म्हणलं, सकाळच्या एष्टीनं जाते. "आज्जी, तितं जाऊन करणार काय तू? तुझं कोण ऐकणार?"

"ऐकणार न्हाईत, ठावं हाय मला."

"मग?"

"मग त्यास्नी ऐकू येईल असं करायचं."

रडाया लागली. म्हणलं, रडू नगंस, घोंगडी आण, तुझ्या आज्ज्याची. आन माळ्यावरनं दारूची पिशवी. तात्याबानं जत्रंला आणलेली, उरलेली.

नवऱ्याला ठासताना चाळीस वर्सं बगितलं. बायामाणसाचा हात चालत न्हाय म्हणत्यात, डोळा तर चालतो.

९ मे, सोमवार. एष्टीत

चूल पालथी घातली, पाणी वतलं, मग निघाले. मागं इस्तू न्हाय.

बारामतीला गाडी बदलली. घोंगडीत गाठोडं बांधलंय, जड हाय. कंडक्टरनंच उचलून शिटाखाली ठिवलं. "म्हातारे, काय दगूड भरलेत का काय?"

"वरवंटा हाय बाबा. लेकीला."

"इंदापुरात वरवंटं मिळत न्हाईत व्हय?"

"ह्याच्यावर नाव घातलंय."

शेजारच्या बाईनं हात बगितलं. "मावशी, हळद लई लागलीया. कुणाचं लगीन?" म्हणलं, "सुपारी हाय." तिनं मला पेढा दिला. खाल्ला. भूक लागली व्हती.

हात आजून पिवळंच. आतली पिवळी दारू घासून काढलेली ती हीच. फुटायची न्हाय, बार करंल फकस्त. हे मला ठावं आन ह्या वहीला. आबासाहेबाला ठावं न्हाय.

९ मे, इंदापूर

बार केला. मांडवाच्या तोंडाशी, नाव वर करून. गाव गोळा झालंया, पेपरवालं वाचत्यात — मोठ्यानं, 'सप्रेम भेट'पस्तोर. मी पायरीवर बसून लिवते. हितला फौजदार मलाच इचारतो, म्हातारे, नाव सांग. माझं नाव कशाला? बार झाला की देव सुदिक भाईर येतो. मल्हारला इचारायचं न्हाय, मला इचारायचं न्हाय. बंगल्याचं दार उघडा म्हणावं. आबासाहेबानं भाईर यायचं, हितं उभं ऱ्हायचं, आन जबाब त्यानंच द्यायचा.